‘एरर १३’ म्हणजे काय, हे रात्रपाळीच्या माणसाला कळलं पाहिजे

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तासगावच्या बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजसाठी तू सी मध्ये तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम लिहिलास. सेन्सरचा बोर्ड यूएसबी-सिरीयल वायरीनं लिनक्सच्या छोट्या डब्याला जोडलाय. काही बिनसलं की पडद्यावर ‘एरर १३’ नाहीतर ‘एरर २’ येतं आणि रात्रपाळीचा माणूस फोन करून तुला उठवतो. हे आकडे माणसाला वाचता येतील अशा वाक्यात कसे आणायचे? आणि स्ट्रएरर (चुकीच्या आकड्याचं वाक्य करून देणारं सी चं फंक्शन) वापरून बघितलं तेव्हा मधूनच ‘पोर्ट वाचताना चूक: सक्सेस’ असं कसं काय छापलं गेलं?

‘सक्सेस’चं शेवटी सांगतो. ते समजायला आधीचं सगळं लागतं.

सरळ उत्तर दोन ओळींचं आहे. ओपन, रीड, राइट असले कॉल फसले की उणे एक परत देतात आणि कारणाचा आकडा एर्नो नावाच्या चलामध्ये ठेवतात. तो आकडा स्ट्रएररला दिला की वाक्य मिळतं: २ ला ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, १३ ला ‘परमिशन डिनाइड’, २८ ला ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. पेरर हेच काम एका दमात करतं. तू दिलेला शब्द, मग कोलन, मग वाक्य, आणि सगळं स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर. झालं.

पण एवढ्यानं तुझे फोन थांबणार नाहीत. का, ते सांगलीकराला लगेच कळेल. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी जाहीर होते: ४० फूट, ४५ फूट. हे झाले आकडे. ४० म्हणजे इशारा पातळी आणि ४५ म्हणजे धोका पातळी, हे झालं स्ट्रएरर. पण सूर्यवंशी प्लॉटातल्या माणसाला ‘धोका पातळी’ ऐकून काय करायचं असतं? त्याला हवं असतं ते असं, की पाणी आपल्या गल्लीत कधी शिरणार आणि गाडी, गॅसची टाकी, कागदपत्रं आत्ता हलवायची की सकाळी. २०१९ ला पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा आकडा सगळ्यांना माहीत होता. कुणाच्या घरात काय होणार, ते ज्याचं त्यानं ओळखायचं होतं. ‘परमिशन डिनाइड’ हे वाक्यही तसलंच. कुणाला, कशासाठी, कुठल्या वस्तूवर परवानगी नाकारली, हे स्ट्रएररला माहीत नसतं. त्याच्या हातात फक्त एक पूर्णांक असतो. बाकीचं तुझ्या प्रोग्रॅमला माहीत असतं, आणि ते त्यानंच सांगायचं.

म्हणून माझा पहिला नियम असा, की चूक सांगणाऱ्या ओळीत निदान तीन गोष्टी हव्यात: काय करत होतो, कशावर करत होतो, आणि का फसलं. ‘पोर्ट उघडताना, /डेव्ह/टीटीवाययूएसबी०, परमिशन डिनाइड’. नुसतं पेररला ‘ओपन’ असा शब्द देऊन सोडणारे खूप आहेत. तुझ्या प्रोग्रॅममध्ये ओपन किती ठिकाणी आहे ते मोज, मग या ओळीचा उपयोग किती ते कळेल.

याची किंमत मी एकदा भरली आहे. काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम माझ्याकडं होता. इंडिकेटरकडून सिरीयल पोर्टवर वजन यायचं, आम्ही ते पावतीवर छापायचो. ऐन गळीत हंगामात, रात्री दीडला काट्यावरच्या क्लार्कचा फोन: “साहेब, एरर २५ म्हणतंय. मागं ट्रॅक्टरची रांग लागलीय.” पंचवीस म्हणजे ईनोटीटीवाय, त्याचं वाक्य ‘इनअप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस’. जुन्या युनिक्सवर हेच वाक्य ‘नॉट अ टाइपरायटर’ असं होतं. टर्मिनल म्हणजे टाइपरायटरसारखं यंत्र असायचं तेव्हाचं. अर्थ एवढाच, की ज्याला तू टर्मिनल समजून बॉड रेट (वायरीवरचा वेग) विचारतोयस ते टर्मिनल नाहीच. वायर, इंडिकेटर, कन्व्हर्टर सगळं बदलून झालं. शेवटी मशीन बंद करून चालू केलं आणि काटा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी छडा लागला. संध्याकाळी कुणीतरी वायर निघालेली असताना रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून शेलमधनं त्या पोर्टच्या नावावर ‘एको’चं आउटपुट वळवून पोर्ट तपासला होता. पोर्ट जागेवर नव्हता, म्हणून शेलनं त्याच नावाची साधी फाइल तयार केली. आमच्या ओपनला ती बिनबोभाट उघडली, आणि टर्मिनलची सेटिंग विचारणारं टीसीगेटअ‍ॅट्र तिथं जाऊन आपटलं. उपकरणांची नावं ठेवणारं /डेव्ह हे मेमरीत असतं, म्हणून रीबूटनंतर ती फाइल गायब. आमच्या ओळीत ‘कुठल्या नावावर, काय करताना’ एवढं जरी असतं तरी एक ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारून दहा मिनिटांत प्रश्न मिटला असता. त्या रात्री आमच्या पडद्यावर होतं फक्त ‘एरर २५’. तेव्हापासून मी आकडा एकटा कधी छापत नाही.

आकडा टाकून द्यायचा असंही नाही. लॉगमध्ये मी तिन्ही ठेवतो: नाव, आकडा, वाक्य. नाव म्हणजे ईअ‍ॅक्सेस (१३), ईनोएंट (२) हे हेडरमधलं. कारण आकडे सगळीकडं एक नसतात. लिनक्सवर ११ म्हणजे ईअगेन आणि ३५ म्हणजे ईडेडलॉक. मॅकवर बरोबर उलटं, ३५ म्हणजे ईअगेन आणि ११ म्हणजे ईडेडलॉक. कनेक्शन नाकारलं गेलं तर लिनक्सवर १११, मॅकवर ६१. विंडोजची गोष्ट तर वेगळीच आहे. तिथं गेटलास्टएररचा आकडा हा एर्नो नव्हेच, त्यामुळं तिथला ५ म्हणजे परवानगी नाही आणि लिनक्सचा ५ म्हणजे इनपुट-आउटपुटची चूक. तो आकडा स्ट्रएररला देऊ नकोस; त्यासाठी फॉरमॅटमेसेज आहे. ते वाक्याच्या शेवटी नवी ओळ जोडून देतं, ती कापून टाक. तुझं काम लिनक्सवरच आहे, म्हणून एवढंच पुरे.

नाव मिळवायला पूर्वी प्रत्येकजण हातानं तक्ता लिहायचा. ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.३२ मध्ये, म्हणजे २०२० साली, स्ट्रएररनेम_एनपी आलं. आकडा दिला की ‘ईनोएंट’ ही अक्षरं मिळतात. शेवटचं एनपी म्हणजे दुसऱ्या सिस्टीमवर मिळेलच असं नाही. त्याच आवृत्तीपासून सिस_एरलिस्ट हा जुना तक्ता नव्यानं लिंक होणाऱ्या प्रोग्रॅमसाठी बंद झाला. जुन्या पुस्तकातनं उतरवलेल्या कोडमध्ये तो दिसला तर उडव. आणि तुझ्या डब्यावर मोअरयूटिल्स हे पॅकेज टाकून ठेव. त्यात ‘एर्नो’ नावाचीच छोटी कमांड आहे. तिला १३ दिले की नाव आणि वाक्य सांगते. रात्री फोनवर कामाला येते.

आता एर्नोचा स्वभाव, कारण तुझ्या गोंधळाचं मूळ इथं आहे. प्रोग्रॅम सुरू होताना एर्नो शून्य असतो. त्यानंतर लायब्ररीतलं कुठलंही फंक्शन तो पुन्हा शून्य करत नाही, हे सी च्या मानकातच लिहिलंय. कॉल यशस्वी झाला तरी आत जुनाच आकडा राहतो. उलट यशस्वी झालेल्या फंक्शननंसुद्धा आतल्या आत काहीतरी चाचपडताना तो बदललेला असू शकतो. म्हणून एर्नो बघून चूक झाली की नाही हे ठरवायचं नाही. आधी परत आलेली किंमत बघायची, तिनं ‘फसलं’ म्हटलं तरच एर्नोकडं जायचं. अपवाद स्ट्रटूएल (अक्षरांतनं आकडा काढणारं फंक्शन) सारख्यांचा. तिथं सगळ्याच किंमती वैध असू शकतात, म्हणून आधी आपण स्वतः एर्नो शून्य करायचा, कॉल करायचा, मग ३४ म्हणजे ईरेंज आलाय का बघायचं.

आणि फसलं हे कळल्यावर पहिली ओळ एकच: एर्नो आपल्या चलामध्ये उतरवून घ्यायचा. त्याच्या आधी प्रिंटएफ नाही, फ्री नाही, क्लोज नाही. माझ्याच एका प्रोग्रॅममध्ये लॉगचं फंक्शन आधी आजच्या तारखेची फाइल आहे का ते अ‍ॅक्सेसनं बघायचं, नसली तर नवी करायचं, आणि मग स्ट्रएररनं वाक्य छापायचं. परिणाम काय? मध्यरात्रीनंतरची पहिली चूक कसलीही असो, तिचं कारण कायम ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल नव्हतीच ना! दुसऱ्या चुकीपासून सगळं बरोबर. हे आम्हाला सापडायला बरेच दिवस गेले, कारण दिवसा चाचणी करताना ते कधीच दिसायचं नाही. तेव्हापासून माझ्या चूक नोंदवणाऱ्या फंक्शनला एर्नो हा पॅरामीटर म्हणून द्यावा लागतो. ते आत जाऊन स्वतः वाचत नाही. सिग्नल हँडलर लिहिला असशील तर तिथंही तेच: आत शिरताना उतरवून घे, बाहेर पडताना परत ठेव.

थ्रेडची (एकाच प्रोग्रॅमात एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) भीती मात्र बाळगू नकोस, निदान एर्नोपुरती. आज तो प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र असतो. भानगड स्ट्रएररची आहे. मानकानुसार तो एकच बफर पुन्हा पुन्हा वापरू शकतो, त्यामुळं एका थ्रेडचं वाक्य दुसऱ्यानं पुसण्याची शक्यता असते. ग्लिबसीत २.३२ पासून हे सुरक्षित आहे, पण तुझ्या डब्यावर जुनी आवृत्ती असू शकते. त्यासाठी स्ट्रएरर_आर आहे, आणि त्याच्यासारखी फसवी चीज कमी असेल. त्याचे दोन अवतार आहेत. पॉझिक्सवालं (युनिक्सच्या मानकातलं) तू दिलेल्या बफरमध्ये वाक्य भरतं आणि पूर्णांक परत देतं. जीएनयूवालं वाक्याचा पॉइंटर परत देतं, आणि बहुतेक वेळा तुझ्या बफरला हातही लावत नाही. यातला कुठला मिळणार हे कंपाइल करताना कुठले मॅक्रो लावलेत त्यावर ठरतं. _जीएनयू_सोर्स लावला की जीएनयूवालं. सी प्लस प्लस मध्ये जी प्लस प्लस तो मॅक्रो आपण होऊन लावतो. म्हणजे तीच फाइल एका ठिकाणी नीट चालते आणि दुसरीकडं बफर कोराच राहून लॉगमध्ये कचरा छापते. ‘आमच्या मशीनवर चालतंय’ याचं इतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. फक्त लिनक्स असेल तर मी प्रिंटएफमध्ये टक्का-एम वापरतो; त्या जागी एर्नोचं वाक्य छापलं जातं. ग्लिबसी आणि मसल (दुसरी एक सी लायब्ररी) दोन्ही ते ओळखतात, आणि सिसलॉगमध्ये (सिस्टीमच्या लॉगमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये) ते आधीपासून आहेच. फक्त टक्का-एम एर्नोच वाचतं, तेव्हा उतरवून घेतलेला आकडा आधी परत त्यात ठेव.

काही फंक्शनं एर्नोला हातच लावत नाहीत. पीथ्रेडची, म्हणजे थ्रेड हाताळणारी फंक्शनं कारणाचा आकडा सरळ परत देतात. तो स्ट्रएररला चालतो, पण त्यांच्या मागनं पेरर लावलंस तर भलतंच छापलं जाईल. सर्व्हरचं नाव शोधणाऱ्या गेटअ‍ॅडरइन्फोचे तर आकडेच निराळे, त्यांना जीएआय_स्ट्रएरर.

आता रात्रपाळीचा माणूस. त्याला इंग्रजी वाक्य नको, मराठी भाषांतरही नको. ‘परवानगी नाकारली’ वाचून तो म्हणेल, मी कुठं मागितली होती? त्याला हवंय ते ‘आता काय करू’. म्हणून मी दोन ओळी करतो. लॉगमध्ये जाते ती माझी: काम, वस्तू, नाव, आकडा, वाक्य. पडद्यावर येते ती त्याची, आणि ती निव्वळ आकड्यावरनं ठरत नाही, काम आणि आकडा या जोडीवरनं ठरते. पोर्ट उघडताना ईनोएंट: ‘सेन्सरची यूएसबी वायर निघाली आहे का बघा, घट्ट बसवा.’ पण सेटिंगची फाइल उघडताना तोच ईनोएंट आला तर वायर हलवून काय होणार? तिथं ‘ऑफिसला कळवा’. पोर्ट उघडताना ईअ‍ॅक्सेस, म्हणजे तुझा १३: यात त्या माणसाच्या हातात काहीच नाही. डेबियन-उबुंटूवर सिरीयल पोर्ट डायलआउट नावाच्या ग्रुपचा असतो, आणि ज्या युजरखाली प्रोग्रॅम चालतोय तो त्या ग्रुपात नाही. ते तू एकदा जाऊन घाल. रूटखाली चालवून सुटका करून घेऊ नकोस, नाहीतर माझ्या साध्या फाइलची गोष्ट तुझ्याकडं घडेल.

हा तक्ता लिहिताना स्विचमध्ये आकडे नकोत, नावं घाल. आणि ईअगेन व ईवूडब्लॉक दोन्ही घातलेस तर लिनक्सवर कंपायलर ओरडेल, कारण दोन्ही ११ च आहेत. तसंही ईअगेन काय किंवा ईइंटर काय, पडद्यावर यायचं कारणच नाही. एक म्हणतो ‘आत्ता डेटा नाही’, दुसरा म्हणतो ‘मधेच सिग्नल आला’. पुन्हा प्रयत्न करायचा, बस. अशा दोन-चार बिनकामाच्या ओळी रोज दिसल्या की माणूस पडदा वाचायचंच सोडतो.

तुझ्या डब्यात मेमरी कार्ड आहे असं गृहीत धरतो, म्हणून २८ बद्दल थोडं. एफप्रिंटएफ बफरमध्ये लिहितं आणि ‘झालं’ म्हणतं. कार्ड भरलंय हे एफफ्लश नाहीतर एफक्लोजच्या वेळी कळतं. त्यांची परत आलेली किंमत कुणी बघत नाही, आणि मग चार दिवसांच्या नोंदी नाहीत म्हणून बेदाण्याचा मालक तुला विचारतो. चाचणी करायला कार्ड भरत बसू नकोस. लॉगचं नाव /डेव्ह/फुल दे. तिथं लिहिलं की हमखास ईनोस्पेस मिळतो. आणि जागा शिल्लक दिसत असूनही २८ आला तर डीएफला उणे-आय लावून आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत का बघ. रोज हजारो छोट्या फाइली करणाऱ्या प्रोग्रॅमना हे होतं. बाकीच्या चुका मुद्दाम घडवायला स्ट्रेस (प्रोग्रॅमचे कॉल दाखवणारं साधन) मध्ये इंजेक्टची सोय आहे: अमुक कॉलला अमुक चूक दे म्हटलं की देतो. तुझ्या सगळ्या ओळी ऑपरेटरच्या खुर्चीत बसून एकदा वाचून बघ.

आता ‘सक्सेस’. ते वाक्य म्हणजे स्ट्रएररला शून्य दिल्यावर लिनक्सवर जे मिळतं ते. म्हणजे तू चूक समजलास, पण एर्नोत कुणी काही ठेवलंच नव्हतं. माझा अंदाज असा, की तुझी अट ‘रीड शून्य किंवा कमी’ अशी आहे. उणे एक ही चूक, पण शून्य ही चूक नाही. कॉलच्या दृष्टीनं सगळं नीट झालं, फक्त द्यायला काही नव्हतं, म्हणून एर्नोला हात लागला नाही. आधी काही चुकलं नसेल तर आत शून्य, म्हणून ‘सक्सेस’. आधी काही चुकलं असेल तर तो जुनाच आकडा, आणि ते जास्त वाईट, कारण तेव्हा ओळ खरी वाटते.

सिरीयल पोर्टवर शून्य दोन कारणांनी येतं. तू व्हीमिन (निदान किती बाइट हव्यात) शून्य आणि व्हीटाइम (किती वेळ थांबायचं) काहीतरी ठेवला असशील, तर तेवढ्या वेळात एकही बाइट आली नाही की शून्य. म्हणजे वायर जागेवर आहे, सेन्सर गप्प आहे. दुसरं, चालू असताना यूएसबी उपटली तर उघड्या पोर्टवर रीड शून्य देत राहतं, आणि राइट केलं तर ईआयओ, म्हणजे ५ मिळतो. दोन्ही वेगळे ओळखायला रीडच्या आधी पोल (पोर्टची स्थिती विचारणारा कॉल) लाव. वायर गेली असेल तर हँगअपचा झेंडा वर येतो. तिथं स्ट्रएररला विचारूच नकोस. वाक्य तुझं तू लिही: ‘सेन्सर ३० सेकंद गप्प आहे, त्याचा दिवा लागलाय का बघा’ हे एक, आणि ‘वायर निघाली, परत लावा’ हे दुसरं. निघालेला पोर्ट आधी बंद कर आणि मग पुन्हा उघडायला बघ. तू जुना धरून ठेवलास तर परत लावलेली वायर टीटीवाययूएसबी१ म्हणून येते, तुझा प्रोग्रॅम शून्याचीच वाट बघत राहतो, आणि प्रोग्रॅम बंद करून चालू केल्यावर ‘एरर २’ दिसतो. तुझे २ बरेचसे इथनंच येत असणार. नाव टीटीवाययूएसबी० असं पक्कं लिहिण्यापेक्षा /डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी खालचं लांबलचक नाव वापर. वायर कुठल्याही खाचेत लावली तरी ते बदलत नाही.

तुझ्या रीडची ती अट आणि पोर्ट उघडतानाचे व्हीमिन-व्हीटाइम पाठव, म्हणजे अंदाज बरोबर होता का ते सांगतो.